मॉनिटर दोन, आकडे दोन, खोटा कोणता?

पिस्टन इंजिनाची छोटी विमानं उडवणाऱ्यांमध्ये एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: डिजिटल इंजिन मॉनिटर एकेक अंश दाखवतो, म्हणून तो काट्याच्या गेजपेक्षा अचूक, दोघांत वीस अंशांचा फरक आला तर गेज खोटा, सगळ्या सिलिंडरांचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) सारखं हवं, आणि शंका असेल तर प्रोब (तापमान टिपणारं टोक) उकळत्या पाण्यात बुडवून बघा.

पहिलं, एकेक अंश. आकडे किती बारीक दिसतात एवढंच त्यातून कळतं. मॉनिटर कितीही महाग असला तरी त्याच्या हाती येतो तो थर्मोकपलचा, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा जोडून केलेल्या संवेदकाचा व्होल्टेज, त्यातल्या के-प्रकारात अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. साध्या दर्जाच्या के-प्रकाराला ±२.२ अंश सेल्सिअस किंवा मापाच्या ०.७५ टक्के, यांतलं जे जास्त तेवढी चूक माफ असते. ८०० अंशांवर ती ६ अंश होते.

वीस अंशांच्या फरकाचा मुद्दा खरा गमतीचा, कारण तिथे अनेकदा दोन्ही उपकरणं बरोबर असतात. मूळ सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) गेजचा प्रोब सिलिंडर हेडमधल्या ठरलेल्या भोकात बसलेला असतो. जागा अडलेली, म्हणून नव्या मॉनिटरला त्या एका सिलिंडरपुरता स्पार्क प्लगखाली बसणारा वॉशरसारखा प्रोब देतात. आता दोघं धातूच्या दोन वेगळ्या जागा मोजतात. आकडे जुळले तरच नवल. (जुन्या गेजची वकिली करत नाही. तो एकाच सिलिंडरकडे बघतो, आणि सर्वांत जास्त तापणारा तोच असेल याची हमी नाही.)

दुसरा संशयित म्हणजे वायर. प्रोबपासून मॉनिटरपर्यंतची वायर थर्मोकपलच्याच जोडीच्या मिश्रधातूंची लागते. कुणी मध्येच साधी तांब्याची वायर जोडली, तो जोड इंजिनाजवळ ६० अंशांवर असला आणि पॅनेल २० अंशांवर, तर आकडा ४० च्या आसपास कमी दिसतो. लायकमिंग कंपनीच्या अनेक इंजिनांची सीएचटी मर्यादा २६० अंश आहे. म्हणजे स्क्रीनवर निवांत २२५ आणि हेड मर्यादेच्या पलीकडे! अशा वेळी खोटा मॉनिटर असतो, गेज नव्हे.

ईजीटी सारखं असण्याची अपेक्षाच चुकीची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळच उघडा असतो. प्रोबला गरम वायूचे झोत आणि मधली उसंत यांची सरासरी मिळते. प्रोब फ्लँजपासून (एक्झॉस्ट पाइप सिलिंडरला जोडतात त्या कडेपासून) थोडा पुढेमागे बसला तरी ती बदलते. मिश्रण लीन करताना, म्हणजे त्यातलं इंधन कमी करताना, कोणता सिलिंडर किती फ्युएल फ्लोवर पीकला, म्हणजे सर्वांत जास्त ईजीटीला पोहोचतो हे बघायचं असतं, आणि त्यासाठी प्रोब दहा अंश चुकीचा असला तरी बिघडत नाही.

उकळत्या पाण्याची चाचणी निरुपयोगी नाही, पण अपुरी आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, हे धरावं लागतंच. शिवाय इंजिन थंड असल्याने वरचा तांब्याच्या वायरचा दोष त्यात लपूनच राहतो.

त्यापेक्षा रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, सुरू करण्याआधी, सगळे आकडे बाहेरच्या तापमानाशी ताडून बघा. नंतर संशयित प्रोबची शेजारच्या सिलिंडरच्या तशाच प्रोबशी अदलाबदल करा. विचित्र आकडा प्रोबबरोबर सरकला तर प्रोब बदला. जागीच राहिला तर वायर, कनेक्टर किंवा खुद्द तो सिलिंडर तपासायला घ्या.