त्रिविक्रमाच्या देवळाचे वय कशावरून ठरवावे?

सप्रेम नमस्कार.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराला मी माझ्या लेखात आपल्या गावातील सर्वांत जुनी उभी वास्तू म्हटले, त्यावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. मंडप नंतरचा, गिलावा अलीकडचा आणि मूर्तीही मूळची नव्हे, मग जुने म्हणावे असे उरते काय, हा पहिला. ते मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, असावे असे लिहून मी गावच्या देवस्थानाला उणेपणा आणला, हा दुसरा.

मंडपाबाबत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. पुढचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला आहे आणि मी तो गाभाऱ्याच्या बरोबरीने प्राचीन ठरवून मोकळा झालो, ही माझी चूक. गिलाव्याचा मुद्दा मात्र मला पटत नाही. मडके कच्चे की भाजलेले हे गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखले, वरचा रंग पाहून नव्हे. त्यांच्याच गावचे आपण, तेव्हा देवळाची पारखही चुन्यावरून न करता विटेवरून करावी.

त्यासाठी देवळाच्या मागच्या बाजूला जावे लागते. तिथे भिंत काटकोनात न वळता अर्धगोल फिरते आणि तिच्यावरचे छप्पर बैलगाडीच्या तट्ट्यासारखे लांबट गोलाकार आहे. हा गोलवा खऱ्या कमानीचा नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवत दोन्ही बाजू माथ्यावर मिळवल्या आहेत. समोरून पाहिले तर मंडपाच्या छतावर डोके काढून असलेली नालेच्या आकाराची चैत्यकमान दिसते. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यात जे रूप डोंगर पोखरून साधले, तेच इथे मोकळ्या जमिनीवर वीट रचून उभे केले आहे. ती लेणी याहून कितीतरी जुनी आहेत हे खरे, पण लेणे कोरतात आणि इमारत बांधतात, आणि माझा विषय बांधलेल्या वास्तूंचा होता. बहुतेक अभ्यासक हा गाभारा इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या अलीकडे आणत नाहीत. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याचा शिलालेख १०६० सालचा आहे, त्यामानाने बरेच धाकटे ठरते.

आता चैत्यगृहाविषयी. तेर म्हणजेच ग्रीक प्रवासवर्णनातील ‘तगर’ ही बाजारपेठ, असे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले आणि त्यानंतर लगेचच पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी गावातील वास्तूंची पाहणी केली. हा गाभारा मूळचा बौद्ध चैत्य असावा, हे मत कझिन्स यांचे. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ याच घडणीचे असल्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सर्वच अभ्यासकांना हे मत मान्य नाही, कारण अशी गजपृष्ठाकृती, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार, वास्तू केवळ बौद्धच बांधत असे नाही. तेव्हा मी ‘असावे’ असे लिहिले होते आणि ते तसेच राहू द्यावे असे मला वाटते. यात देवस्थानाला उणेपणा कसा येतो, हे मला समजले नाही. उलट तगरची बाजारपेठ विस्कटली, राजवटी बदलल्या, तरी हे विटांचे छप्पर टिकले याचे एक कारण मला तरी असे दिसते की, आत पूजा चालू राहिली आणि पूजा चालू असलेल्या घराची गळती कोणीतरी बुजवतोच. आपण ज्या गिलाव्यावर नाराज आहात, तोही त्याच देखभालीचा भाग आहे. (त्याखाली विटांची घडण झाकली जाते, ही आपली तक्रार मात्र माझीही आहे.)

मूळ लेखातील मंडपाविषयीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे आणि ‘मंदिर’ऐवजी ‘मंदिराचा गाभारा’ असा बदल केला आहे. चैत्यगृहाचा उल्लेख ठेवला आहे. त्यापुढे मतभेदाचे एक वाक्य जोडले आहे, जे आधीच असायला हवे होते.