ओटला की पार्किंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा ओटला, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, तोडून तिथे दोन गाड्या लावायची सोय करायची, असं परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं. मी विरोध केला. पुतण्याचं उत्तर आलं, "काका, आजी ओटल्यावर बसून नुसत्या चकाट्या पिटते. तिला टॅब घेऊन देऊ, त्यात मेंदूच्या व्यायामाचे खेळ असतात." खाली लगोलग चार अंगठे.

टॅब म्हणे! त्याची ही आजी म्हणजे माझी काकू, ८१ वर्षांची आहे. संध्याकाळी पाचला ती पापडी निवडायला घेऊन ओटल्यावर बसते. भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस, समोरच्या वहिनींशी मराठीत, आणि मध्येच कुणाच्या सुनेला कितवा महिना याचा हिशोब. चेहरा ओळखायचा, नाव आठवायचं, कालचा धागा पकडायचा, भाषा बदलायची, दुसऱ्याचं बोलणं होईपर्यंत दम धरायचा. एवढं सगळं एका वेळी करून घेणारा खेळ असेल तर पुतण्याने मला पाठवावा.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्याजोगी कारणं दिली. ती सगळी हटवता आली, तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपण त्या यादीत आहे. ऐकू कमी येणं तर अगदी वरच्या कारणांत. माणूस बोलणं तोडतो म्हणून मेंदू खचतो, की मेंदू आतून खचू लागला म्हणून माणूस कोपऱ्यात बसतो, हे वेगळं काढणं अवघड असतं, हे मलाही कळतं. ग्रुपवर मात्र मी ते लिहिलं नाही. भांडणात कोण लिहितं?

काकूचं कानाचं मशीन कपाटात पडलंय, कारण त्याचे सेल कुणी आणत नाही. मशीनचे पैसे मी पाठवले होते. (हे मात्र ग्रुपवर लिहिलं.)

मी राहतो त्या इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये गोष्ट उलटी आहे. २०१८ मध्ये ब्रिटनने एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमला. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, गोळीच्या जोडीला लिंक वर्कर गाठून देतो, म्हणजे एकट्या माणसाला लोकांत नेणारी बाई, आणि ती पगार घेऊन म्हाताऱ्यांना विणकामाच्या टेबलापर्यंत पोचवते. जे आमच्या ओटल्यावर फुकट होतं, त्यासाठी इथे फॉर्म भरावा लागतो. आणि बडोद्याला हे शिकवायचं? सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला, गावोगाव वाचनालयं काढली. चार माणसांनी एकत्र बसायला जागा लागते, हे त्या राजाला कळत होतं. आता त्याच गावात जागा लागते ती गाडीला.

हे सगळं मी तावातावाने टाइप केलं. त्यावर धाकट्या भावाचं एकच वाक्य आलं. "दादा, तुझा हिस्सा तू घेऊन झालायस."

खरं आहे. इथल्या घराचं डिपॉझिट भरताना मी माझा हिस्सा त्याला विकला. ओटला माझा नाही. त्यावर बसायलाही मी दोन-तीन वर्षांतून एकदा जातो, तेव्हा काकू सरकून जागा करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हा आमचा विलायतेचा." पाहुण्याची ओळख करून द्यावी तशी.

मुलगी ब्रिस्टलला. बायको जाऊन तीन वर्षं झाली. इथल्या गुजराती वस्तीतल्या बेलग्रेव्ह रोडवर कुणी "केम छो" म्हटलं की बरं वाटतं, कारण ते बडोद्यासारखं ऐकू येतं. पण मराठी मी बोलतो ती फोनवर, तीही बहुतेक भांडायला. मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्याचं नाव आठवेना. अकरा वर्षं शेजार. कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवताना हात करतो आम्ही, नावाची कधी गरजच पडली नव्हती.

दर मंगळवारी साडेनऊ वाजून गेले की बस पास घेऊन मी लायब्ररीत जातो. तिथे सहा-सात जण असतात, चहा असतो, कुणीतरी पत्ते पिसत असतं. तिथे मी स्वयंसेवक आहे, असं घरी सांगितलंय. लिंक वर्करने पाठवलंय.