बसा की, वारं येतंय

मृगाच्या तोंडावर हँग ग्लायडिंगची, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखाला लटकून उडण्याची स्पर्धा, आणि तीही बालाघाटच्या डोंगरात! ही तारीख काढणाऱ्या संयोजकांना आधी एक नारळ द्या. उडायला मिळो न मिळो, आभाळाची वाट कशी बघावी हे शिकायला तुम्ही योग्य गावी आलात. इथं माणसं तेच करत म्हातारी झालीत.

सकाळी सहालाच टेकडी गाठा. जमीन तापून गरम हवा वर चढायला दुपार उजाडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी सहालाच. तीसेक किलोचा ग्लायडर उभा करा, एकेक बॅटन, म्हणजे पंखाला आकार देणारी काडी, कापडात सरकवा, दोऱ्या दोनदा तपासा आणि नवाला मोकळे व्हा. आता दिवसभर काम नाही.

मग विंडसॉक, वाऱ्याची दिशा सांगणारा काठीवरचा कापडी बोंगा. तो काठीला चिकटून लोंबत असेल तर म्हणा, ‘येईल.’ वारा पाठीमागून असेल तर, ‘फिरेल.’ फडफडून काठीच उपटायला निघाला तर, ‘कमी होईल.’ या तीन शब्दांवर संध्याकाळ आरामात निघते. आमचे मामा त्यांच्यावर जून-जुलै काढतात.

कंटाळलात तर विंड डमी व्हा. म्हणजे स्पर्धकांच्या आधी उडी घ्यायची आणि हवा उचलते की पाडते ते सगळ्यांना दाखवायचं. हे पद आमच्याकडे प्रत्येक गावात आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण पहिल्या सरीला चाड्यावर मूठ धरणारा एक जण निघतोच. बाकीचे बांधावर उभे राहून त्याचं उगवतंय का बघतात. नाही उगवलं की त्याची दुबार पेरणी, आणि बांधावरचे सगळे शहाणे.

दुपारी कापसाच्या बोंडासारखे ढग फुटतील. खूश व्हा, त्यांच्याखाली हवा चढते आहे. पण त्यातलंच एखादं बोंड फुगून मनोरा झालं, की ग्लायडर मुकाट जमिनीला बांधा. असा ढग वर ओढून घेतो, आणि कोसळला की त्याचा गार झोत पार लांबवर धडकतो. अर्थात घाईच असेल तर ग्लायडर उडवणारा जुना जर्मन, ऑटो लिलिएंथल आठवा. सुमारे दोन हजार उड्डाणं केलेला गडी, 1896 साली ग्लायडर हवेत थबकला आणि संपला.

ढगांसाठी विमान ताटकळत ठेवण्याचाही आम्हाला सराव आहे बरं का. 2015 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली होती. त्यातली गंमत एवढीच, की पाऊस पाडायलाही आधी ढग लागतो.

पाचच्या सुमारास आजचा टास्क, म्हणजे दिवसाची ठरलेली शर्यत, रद्द झाल्याचं जाहीर होईल. बॅटन काढू लागलात की लिंबाखाली बसलेले बाबा जवळ येतील.

“उडले न्हाईत व्हय?”

“वारा नव्हता, बाबा.”

“भरले किती?”

स्पर्धेच्या फीचा खरा आकडा सांगा. ते मनातल्या मनात सोयाबीनच्या बॅगा मोजतील, मग काही न बोलता कमरेची चंची सोडून तुमच्यापुढे धरतील. नाही म्हणू नका.