शेततळ्याचं कुंपण खर्चातच धरा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यात ठरलेली बातमी येते, शेततळ्यात बुडून लेकरं गेली. बऱ्याचदा दोघं, कारण एकाला काढायला दुसरा उतरतो. खाली लोक लिहितात, "आईबापाचं लक्ष कुठं होतं?" मला याचा भयंकर राग येतो. भर दुपारी माणूस मोसंबीचं ठिबक बघत असतो, जनावरांना पाणी पाजत असतो. बुडणारं लेकरू ओरडतही नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर आवाज निघणार कुठून?

शेततळ्याला विरोध नाही. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्याआधीपासून जालन्याच्या कडवंचीनं शेततळ्यांवर द्राक्षं पिकवून दाखवली. पण 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं म्हणजे दहा फूट पाणी. विहिरीत निदान पायऱ्या असतात, कपारी असतात. इथं चारी बाजूंनी उतार, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ. पट्टीचा पोहणारा काठाला येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो, शेवटी दमतो. म्हणून "आमच्या पोराला पोहता येतं" हे मला ऐकवू नका.

कागदाला पैसे लागतात तसे कुंपणालाही लागतात, ते पहिल्याच हिशेबात धरा. चारी बाजूंनी निदान चार फूट उंच जाळी, लेकराला पाय ठेवून चढता येणार नाही अशी. फाटकाला वर कडी. तेवढं आज जमत नसेल तर दोर तरी आजच बांधा. आमच्या तळ्यावर प्रत्येक काठाला खांब रोवून जाड दोर पाण्यात सोडलाय, हात धरायला दीड-दीड फुटावर गाठ आणि टोकाला रिकामा कॅन, म्हणजे टोक तरंगत राहतं. शेजारी हवा भरलेली ट्यूब. संभाजीनगरच्या आसपास फार्महाऊसवर पूल बांधणाऱ्यांनाही कुंपणाचं हेच सांगणं आहे. शिवाय पार्टीत एका मोठ्या माणसानं मोबाईल बाजूला ठेवून फक्त पाण्याकडे बघायचं.

आणि बुडालेल्याला उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबणं आता बंद करा. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब, 30 दाबांमागं 2 श्वास, 108 ची गाडी येईपर्यंत. आशाताईंना, ग्रामसेवकांना गाठून गावात एकदा हे शिकवायला लावा.

तळी भरायच्या आत दोर बांधून घ्या. कसा बांधायचा ते कुणाला बघायचं असेल तर सांगा, फोटो टाकतो.