टेकडीवरची मोजणी नाशिकला कितपत लागू?

जॉर्जियातील बटुमीप्रमाणे नाशिकलाही एखाद्या टेकडीवरून स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी व्हावी, ही एका लेखातील सूचना आकर्षक असली तरी तिच्यात एक अडचण आहे. बटुमीला काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून दर शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात, कारण चढत्या गरम हवेवर तरंगणारे हे पक्षी समुद्र शक्यतो टाळतात. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर अशी अडवणूकच नाही, पक्षी विखरून जातात, आणि टेकडीवर बसलेल्याच्या वाट्याला बहुधा घारीच येतात (त्याही स्थानिक!).

त्यापेक्षा भोवत्यांची, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांची, रातथाऱ्यावरची (रात्री एकत्र मुक्काम करण्याच्या जागेवरची) मोजणी अधिक भरवशाची वाटते. हिवाळ्यात दलदली भोवत्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पाणथळीच्या पाणवनस्पतींत, तर माँटेग्यू व पॅलिड हे भोवत्ये माळरानावरच्या गवतात, जमिनीवरच एकत्र रात्र काढतात. सूर्यास्तापूर्वी ठरावीक जागी बसून आत उतरणारे मोजावेत आणि पुन्हा उडालेले वजा करावेत. शेवटच्या दोन जातींच्या तपकिरी माद्या संधिप्रकाशात ओळखणे अवघड असल्याने ‘अनिश्चित’ हा रकाना हवाच, शिवाय एकही पक्षी न दिसलेल्या संध्याकाळीही वेळेसह नोंदवाव्यात.