आतड्याची सूज मनातली नसते

नमस्कार ताई,

सजगता-ध्यानावरच्या (माइंडफुलनेस) माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "डोळे मिटून बसल्याने जखमा भरत नाहीत. माझ्या भावाला सगळे वर्षभर 'टेन्शन घेऊ नकोस' एवढंच सांगत राहिले. शेवटी रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलं. असले लेख वाचूनच लोक गोळ्या सोडतात." उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण तुमचा राग रास्त आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस काय नि क्रोन्स काय, आतड्याच्या सुजेच्या या दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. श्वासाकडे लक्ष दिल्याने ती सूज उतरते असा भरवशाचा पुरावा नाही. मलाही हा आजार आहे आणि मी मेसालामिनची, म्हणजे आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाची, एक गोळीही चुकवत नाही. लेखात हे एका ओळीत उरकलं, ती चूक माझी. आता ते सगळ्यात वर घातलंय.

मग मी रोज वीस मिनिटं ध्यानाला बसतो कशाला? भीतीसाठी. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकलेली आणि पोटात मुरडा. पूर्वी त्या क्षणी डोकं सैरावैरा पळायचं: पुढचं शौचालय कुठे, मुंबई नाका किती लांब, कपडे खराब झाले तर? तेवढ्याने पोट आणखी आवळायचं. मेंदू आणि आतडं एकमेकांशी सतत बोलत असतात, व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेतून. आता मी पाय रिक्षाच्या पत्र्यावर घट्ट टेकवतो आणि कळ बघतो. बेंबीच्या खाली, डावीकडे. चढते, थांबते, बऱ्याचदा ओसरते. कधी खरंच उतरून धावावं लागतं. पण दर कळेला धावावं लागत नाही, हे मला या सरावामुळे कळलं. घराबाहेर पडणं जवळजवळ बंद झालं होतं हो माझं!

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सजगता-ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी, औषधांच्या जोडीला. आतड्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासांतही तणाव कमी झाल्याचं दिसलंय.

आणखी एक. इगतपुरी जवळ, म्हणून आपल्याकडे कुणीही सहज सांगतं, "दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये." आजार उसळलेला असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं शिबिर मी कुणालाच सुचवणार नाही.

भावाला बसायचं नसेल तर मुळीच आग्रह करू नका. रक्त जायचं थांबलं का त्याचं? हिमोग्लोबिन आता किती आहे? जमलं तर कळवा.