‘तीन ओळींचे पैसे घेतले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक तारा देऊन लिहिलंत: ‘कटिंग प्लॅनचा प्रोग्राम रात्रभर चालून उत्तर नाही. मग यांनी तीन ओळी टाकल्या, काही मिनिटांत झालं, आणि बिल पूर्ण कामाचं.’ आपला खोळंबा झाला, माणसं मशीनपाशी बसून राहिली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण ‘तीन ओळींचे पैसे’ हे फार लागलं.

12 मीटरच्या सळ्या एकसारख्या असतात. 10 सळ्यांवर दहा वेगवेगळे कट (एका सळीतून कोणते तुकडे काढायचे ती मांडणी) असतील, तर तोच प्लॅन नुसते नंबर अदलून-बदलून 36,28,800 प्रकारे मांडता येतो. भंगार तेवढंच पडतं, पण सॉल्व्हर, म्हणजे कमीत कमी भंगाराचा प्लॅन शोधणारा प्रोग्राम, दर वेळी नवा प्लॅन समजून तपासत बसतो. हल्लीचे सॉल्व्हर हा सारखेपणा आपणहून ओळखतात, हे खरं. पण आकडे तंतोतंत जुळले तरच. आपल्या एक्सेलमध्ये सळीची किंमत वजनकाट्यावरून काढलेली होती. 10.64, 10.66, 10.67 किलो. त्या दहा-वीस ग्रॅममुळे प्रत्येक सळी वेगळी ठरली.

आमच्या ओळी एवढंच सांगतात, की सारख्या सळ्यांमध्ये आधीचा नंबर कापल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. त्या लिहायला वेळ लागत नाही. वेळ गेला तो सारख्या सळ्या कोणत्या, हे ठरवण्यात. लांबीच्या रकान्यात सगळीकडे 12, आणि एका सळीचं वजन 7.1 किलो! 12 एमएमची सळी मीटरला साधारण 0.89 किलो भरते, म्हणजे तो आठ मीटरचा उरलेला तुकडा. लांबी दुरुस्त करून तो त्याच रांगेत ठेवला असता, तर त्याच्या आधीच्या सगळ्या अख्ख्या सळ्या कापल्याशिवाय तो वापरलाच गेला नसता, आणि कमी भंगाराचा प्लॅन हातचा गेला असता. असे तुकडे किती, हे विचारायला आम्ही वारंवार फोन केले. आपल्या सुपरवायझरकडून खुलासा उशिरा आला. अभिप्रायात त्याचा उल्लेखही नाही.

यापुढे यादी तपासण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवू. मोठ्या ऑर्डरना गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 साली मांडलेली पद्धतही वापरायचा विचार आहे. तिच्यात सळीला नंबरच नसतो, कोणता कट किती वेळा एवढंच ठरतं.

आमचं दुकान लहान आहे, नवीन गिऱ्हाईक तारे बघूनच फोन करतं. बिलाबद्दल बोलायला कधीही ऑफिसला या, यादी आणि वजनं काढून ठेवली आहेत.